सायली, राजाबाई टॉवरच्या लायब्ररीत जाऊन बस

प्रिय सायली,

काल फोनवर म्हणालीस ना, हॉस्टेलच्या रूमवर अभ्यासच होत नाही, सारखे कोणाचे ना कोणाचे फोन चालू असतात, आणि कॅफेत बसायचं तर तासाला काहीतरी मागवावं लागतं. गडबडीत नीट बोलता आलं नाही म्हणून लिहितेय. कलिन्याच्या कॅम्पसमधली लायब्ररी सोडू नकोस, पण आठवड्यातून एखादा दिवस तरी फोर्टला राजाबाई टॉवरच्या लायब्ररीत जाऊन बस. तुझ्या मैत्रिणी समोरच्या ओव्हल मैदानावरून टॉवरचे फोटो काढून परत जातात, त्या घड्याळाखाली वाचायला बसता येतं हे त्यांच्या गावीही नसतं. तू मुंबई विद्यापीठाची विद्यार्थिनी आहेस, ती लायब्ररी तुझी आहे गं.

आमचं तेव्हाचं घर तुला माहितीये, लालबागच्या चाळीतली एक खोली, आजोबा रात्रपाळी करून आले की दिवसा झोपायचे, मग दिवा लावायचा नाही, मोठ्याने बोलायचं नाही. एम.ए.ला असताना मी दुपारी या लायब्ररीत जायचे. गोल दगडी जिना चढून वर गेलं की उंचच्या उंच लाकडी छत, लांब टेबलं आणि खिडक्यांना रंगीत काचा. पश्चिमेला समोर ओव्हल मोकळं, त्यामुळे ऊन कलायला लागलं की त्या काचांतून लाल-निळे ठिपके थेट वहीवर यायचे आणि सरकत सरकत पलीकडच्या मुलीच्या पुस्तकावर जायचे. मध्येच वरून घड्याळाचे टोल. कोणी कोणाच्या ओळखीचं नसायचं, पण सगळे मान खाली घालून वाचतायत म्हटल्यावर आपलीही मान आपोआप खाली जायची. पहिल्यांदा बसले तेव्हा वाटलं होतं आता कोणीतरी येऊन उठवणार. कोणी उठवलं नाही.

तू इतिहासाची, म्हणून हेही सांगते. विद्यापीठ 1857 चं, पण ही इमारत बरीच नंतरची. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं तेव्हा तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा बंद झाला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत नुसता पैसाच पैसा, आणि तो शेअरच्या सट्ट्यात लागायचा. त्या काळात प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याने 1864 साली लायब्ररीसाठी 2 लाख आणि टॉवरसाठी 2 लाख रुपये दिले, आणि टॉवरला आईचं, राजाबाईंचं नाव द्या म्हणाले. 1865 ला युद्ध संपलं, शेअर कोसळले, भलेभले बुडाले, प्रेमचंदही त्यातच. पण हा पैसा आधीच दिलेला होता म्हणून 1869 ला पायाभरणी झाली आणि 1878 ला टॉवर पूर्ण झाला. मला याचं फार वाटतं. सट्ट्यातलं सगळं गेलं, आणि पोरांनी वाचावं म्हणून दिलेलं तेवढं उरलं. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा, तो माणूस भारतात कधी आलाच नाही, पण दगड आपल्या कुर्ल्याचा आणि टॉवरवर कोरलेली माणसं पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या समाजांची, खालून नीट बघ. वर मात्र जाऊ देत नाहीत.

आणि बाबासाहेबही परळच्या चाळीतल्या एका खोलीत राहून, घरातले झोपले की रात्री उठून अभ्यास करायचे आणि 1912 च्या परीक्षेला बसून याच विद्यापीठाचे बी.ए. झाले. जागा नाही म्हणून अभ्यास अडतो हे या शहरात नवीन नाही, म्हणूनच अशी जागा असताना ती रिकामी ठेवू नये असं मला मनापासून वाटतं.

सांताक्रूझहून चर्चगेट स्लो पकड, बसायला मिळेल. उतरलीस की ओव्हलच्या मधल्या वाटेने जा, पण क्रिकेटवाल्यांचे बॉल सांभाळ. आयकार्ड बरोबर ठेव आणि गेल्या गेल्या काउंटरवर वेळ नि पुस्तकांचे नियम विचारून घे, आमच्या वेळचे बदलले असतील. डबा आत काढू नकोस. रविवारी बाबा तिकडे येणार आहेत, त्यांच्याबरोबर थालीपीठं आणि लसणाची चटणी पाठवते, सोमवारी जाणार असशील तर तेच ने.

तुझी,
आई