आई, ते खड्याच्या मिठामुळे झालं नाही

कोलंबस, ओहायो
रविवार

ती. आई-बाबांना,
सा. न.

परवा आई फोनवर पुन्हा म्हणाली, "मध्ये आपण ते खड्याचं मीठ वापरत होतो ना, त्यानंच मला हा थायरॉईडचा कॅन्सर झाला असणार." मागून बाबांचं "आणि कोबी!" तेही ऐकू आलं. मी चिडले. म्हणून आज लिहायला बसलेय, कागदावर मला जरा कमी राग येतो.

बाबा, तुमची सगळी नोकरी जिल्हा परिषदेत गेली, तर तिथलंच उदाहरण घेते. पेशीतला डीएनए म्हणजे मंत्रालय. तिथून आदेशाची प्रत निघते, ती मेसेंजर आरएनए. प्रत पोचली की प्रथिन तयार होतं. मायक्रोआरएनए हा मधला कारकून. साधारण 22 अक्षरांचा चिमुकला रेणू, पण प्रतीला चिकटला की काम अडतं, कधी ती प्रतच नष्ट होते. आदेश निघालेला असतो आणि गावात काहीच होत नाही. (तुम्हाला हे नवीन नसावं.) 1993 मध्ये जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीत हा पहिल्यांदा सापडला आणि अँब्रोस-रुवकुन या शास्त्रज्ञ जोडीला त्याचं नोबेल मिळालं 2024 मध्ये.

असे कारकून निरोगी थायरॉईडमध्येही असतात. आईला झाला त्या पॅपिलरी प्रकारच्या थायरॉईड कॅन्सरमध्ये मात्र 221, 222 आणि 146बी यांची गर्दी होते. बिचाऱ्यांना नावं नाहीत, नुसते नंबर. पहिले दोघे पी27 या प्रथिनाचा आदेश दाबून ठेवतात. "आता विभागणी पुरे" असं पेशीला बजावणं हे पी27चं काम. ते कमी पडलं की पेशी वाढतच राहते.

आता आईसाठी. 2005 मध्ये इथल्याच, ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी 15 रुग्णांच्या गाठी आणि त्यांच्याच थायरॉईडचा निरोगी भाग शेजारी ठेवून तपासले. गाठीत 221 भरमसाट वाढलेला होता, ते ठीक. पण काही रुग्णांमध्ये तो गाठीबाहेरच्या, चांगल्या दिसणाऱ्या भागातही वाढलेला निघाला. म्हणजे गाठ हाताला लागण्याच्या पुष्कळ आधीच आत काहीतरी सुरू झालेलं असावं. आणि तू म्हणतेस, "मला आधी कसं कळलं नाही!" कशानं कळणार होतं गं? आरशात पाहून?

तुझ्या रिपोर्टात बीआरएएफ या जनुकातला बदल आहे, तो पॅपिलरीच्या निम्म्याहून जास्त रुग्णांत सापडतो. तो थायरॉईडच्या पेशीत नंतर घडतो, जन्मजात नसतो. तेव्हा बाबा, माझी काळजी करत रात्री जागू नका.

यातून लगेच औषध निघेल असं मात्र शेजारी सांगत फिरू नका. 146बी पेशीला आयोडीन ओढून घेऊ देत नाही, हे प्रयोगशाळेत दिसलंय. तो दाबला तर रेडिओआयोडीनला, म्हणजे उपचारातल्या किरणोत्सारी आयोडीनला, दाद न देणाऱ्या गाठी पुन्हा वळणावर येतील का, यावर लोक डोकं फोडताहेत. आईला तो डोस नीट लागू पडला, आपल्याला तेवढं बास.

थायरॉईडची गोळी उठल्याबरोबर उपाशीपोटी, चहा त्यानंतर अर्ध्या तासानं. बाबा, चहा तुम्हीच करता, तेव्हा घड्याळही तुम्हीच बघा. आणि कोबी आणा. ग्रंथीच काढून टाकलीय, आता तो बिचारा बिघडवणार काय?

तुमची,
मनू