‘व्हेंटिलेटर हळूहळू कमी करत आहोत’

महोदय,

गंभीर रुग्णांच्या बातम्यांत ‘व्हेंटिलेटर हळूहळू कमी केला जात आहे’ हे वाक्य ठरलेले असते. नातेवाइकांनाही तेच ऐकवले जाते. आमचा आक्षेप त्या ‘हळूहळू’ला आहे.

मशीनने द्यायचे श्वास थोडेथोडे घटवत नेण्याची पद्धत एकेकाळी सर्रास होती. १९९५ साली स्पेनमधील डॉक्टरांनी चार पद्धतींची तुलना प्रसिद्ध केली, तेव्हा हीच सर्वांत संथ ठरली. दिवसातून एकदा रुग्णाला स्वतःच्या बळावर श्वास घ्यायला लावणारी चाचणी तिच्या सुमारे तिप्पट वेगाने घशातून श्वासमार्गात घातलेली नळी काढण्यापर्यंत पोचली. पुष्कळ रुग्ण आदल्या दिवशीच तयार असतात, फक्त कुणी तपासलेले नसते. दरम्यान श्वासपटल (फुफ्फुसांखालचा श्वासाचा मुख्य स्नायू) आयते बसून झिजत राहते.

म्हणून रोज सकाळी पाहावे: ज्या कारणाने मशीन लावले ते आटोक्यात आले का, ४० टक्के ऑक्सिजन आणि ५ ते ८ पीपवर (श्वास सोडल्यावरही मशीन फुफ्फुसांत टिकवते तो दाब) सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण, ९० टक्क्यांच्या वर टिकते का, रक्तदाब टिकवून धरणारे इंजेक्शन बंद किंवा अगदी थोड्या मात्रेवर आहे का, रुग्ण स्वतः श्वास ओढतो का. सेडेशन (गुंगीचे औषध) आधी थांबवायचे आणि चाचणी नंतर. हा क्रम उलटला आणि रुग्ण नापास झाला, तर फुफ्फुस कमी पडले की औषधाने सुस्ती आली, हे कळत नाही.

श्वासाचा वेग आणि खोली यांचे गणित मात्र नीट समजून घ्यावे. एक रुग्ण मिनिटाला ३२ श्वास घेतो, प्रत्येकी २५० मिलिलिटरचे. दुसरा २० घेतो, ४०० मिलिलिटरचे. दोघांचीही मिनिटाची बेरीज ८ लिटरच. पण प्रत्येक श्वासातले साधारण १५० मिलिलिटर नुसते श्वासमार्गात ये-जा करतात, असे धरले तर पहिल्याच्या वायुकोशांत जेमतेम ३.२ लिटर हवा पोचते, दुसऱ्याच्या ५ लिटर. श्वासांची संख्या भागिले लिटरमधील खोली केली, की पहिल्याचा निर्देशांक १२८ येतो आणि दुसऱ्याचा ५०. १०५ ही सीमा १९९१ साली सुचवली गेली; निर्देशांक तिच्या वर असेल, तर रुग्ण मशीनशिवाय टिकण्याची शक्यता कमी. ती मशीनचा आधार काढून मोजलेल्या श्वासांवरून ठरली होती. प्रेशर सपोर्ट (रुग्णाच्या प्रत्येक श्वासाला मशीनने दिलेला दाबाचा आधार) चालू ठेवून स्क्रीनवरचा आकडा उचलला, तर तो उगाच चांगला दिसतो. ही चूक फार होते.

चाचणी ३० मिनिटांची, टी-पीसवर (मशीनचा दाब न देता नळीला फक्त ऑक्सिजन पुरवणारी जोडणी) किंवा ५ ते ८ च्या प्रेशर सपोर्टवर. श्वास ३५ च्या वर राहिले, नाडी १४० पलीकडे गेली, सॅच्युरेशन ९० खाली आले, घाम फुटला, मानेचे स्नायू ओढले जाऊ लागले, की तिथेच थांबवावी. रुग्णाला दमवण्यात काही शहाणपणा नाही. मग सहसा २४ तास विश्रांती आणि कारणाचा शोध. इथे हृदयाकडे हमखास दुर्लक्ष होते. मशीनचा दाब गेला की हृदयाकडे परतणारे रक्त वाढते, डाव्या कप्प्यावरचा भारही वाढतो आणि कमकुवत हृदय असेल तर फुफ्फुसात पाणी भरते. अशा रुग्णाला हवे असते लघवी वाढवणारे औषध. होते काय, तर ‘फुफ्फुसे अजून तयार नाहीत’ असा शेरा मारून आठवडा जातो. पीप ठेवून घेतलेल्या चाचणीत हा दोष झाकला जातो, टी-पीसवर उघडा पडतो.

पास झाला म्हणजे नळी काढावी, असेही नाही. मशीन नको आणि नळी नको, हे दोन वेगळे निर्णय आहेत. नळीच्या तोंडापासून एक-दोन सेंटिमीटरवर पांढरे कार्ड धरून रुग्णाला खोकायला सांगावे. तीन-चार प्रयत्नांतही ते ओले झाले नाही, तर खोकला अपुरा आहे. तासा-दोन तासाला सक्शन (नळीतून स्राव ओढून काढणे) लागत असेल तर घाई नको. नळी बरेच दिवस असेल किंवा टाकताना त्रास झाला असेल, तर नळीभोवतीचा हवेचा फुगा (‘कफ’) रिकामा करून बाजूने हवा गळते का ते पाहावे. गळती ११० मिलिलिटरहून कमी असेल, तर घशात सूज असू शकते. स्टेरॉइड किमान ४ तास आधी सुरू करावे.

एवढे करूनही नळी काढलेल्या शंभरांतील दहा ते वीस जणांना ती पुन्हा घालावी लागते. हा आकडा शून्यावर असलेल्या विभागाचे आम्हाला कौतुक वाटत नाही. तिथे बहुधा सगळ्यांनाच उशिरापर्यंत मशीनवर ठेवले जात असावे. नातेवाइकांनी ‘मशीन किती कमी केले?’ याऐवजी ‘आजची चाचणी झाली का, आणि कशामुळे थांबवली?’ असे विचारावे. बातमीदारांनीही.

– अतिदक्षता विभागात काम करणारे डॉक्टर