आखाजीला अल्बम उघडा, पण आधी झेरॉक्स काढा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत वाचकांचे आवडते जुने घरगुती फोटो छापून येतात. लग्नाचे, सत्काराचे सोडून ओट्यावरचे, खळ्यातले, चुलीपुढचे फोटो आपण मागवता, हे उत्तमच. पण खाली मजकूर असतो तो ‘आजी आणि आम्ही भावंडे, अंदाजे १९८०’ एवढाच. लग्नाच्या फोटोची तारीख निदान पत्रिकेवर सापडते. रोजच्या फोटोला तेवढाही आधार नसतो. काढला तेव्हा घरात सगळ्यांना सगळे ठाऊक होते, म्हणून मागे कुणी काही लिहिले नाही; आता ते ठाऊक असलेले एखादेच माणूस उरलेले असते, तेही बहुधा ऐंशीच्या पुढचे. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली आहे. माहेरवाशिणी येतील, झोके बांधले जातील आणि भर दुपारी कुणी उंबऱ्याबाहेर पडणार नाही. फोटोंची माहिती काढून घ्यायला खानदेशात याहून सोयीचे दिवस नाहीत.

अल्बम थेट म्हाताऱ्या माणसाच्या मांडीवर ठेवू नये. फोटो बाहेर निघतात, हातोहात फिरतात, त्यांवर बोटे उमटतात आणि कोणता कुठल्या पानावर होता ते कायमचे जाते. आधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो घ्या. मग पंधरा-वीस फोटो निवडून त्यांच्या ए-फोर आकाराच्या झेरॉक्स काढा. मोतीबिंदूच्या डोळ्यांनाही त्या दिसतात आणि वर बिनधास्त लिहिता येते. प्रत्येक डोक्यावर आकडा टाका, खाली आकड्यासमोर नाव लिहा. ‘आत्या’, ‘मोठे मामा’ असे लिहून भागत नाही. पुढच्या पिढीत ती कुणाची आत्या हेच कळत नाही. बायकांच्या बाबतीत माहेरचे नाव-आडनाव, सासरचे नाव-आडनाव आणि दोन्ही गावे लिहाच. लग्नात पहिले नावही बदललेले असले, तर एकच बाई दोन अल्बमांत दोन नावांनी राहते.

एका बैठकीत वीसपेक्षा जास्त फोटो घेऊ नका. त्यापुढे सांगणारा थकतो आणि ‘असेल कुणीतरी’ सुरू होते. बोलणे मोबाइलवर रेकॉर्ड करा. वैशाखात पंखा बंद ठेवणे कुणालाच झेपणार नाही, म्हणून फोन घडी घातलेल्या टॉवेलवर, बोलणाऱ्याच्या जवळ आणि पंख्याच्या झोताबाहेर ठेवा. प्रत्येक फोटोच्या सुरुवातीला त्याचा क्रमांक मोठ्याने म्हणा. आणि विचारायचे ते घरच्या बोलीत विचारा. अहिराणीतल्या ‘हाऊ कोन शे?’ ला जेवढे उत्तर मिळते, तेवढे ‘ही व्यक्ती कोण आहे?’ ला मिळत नाही. पूर्वेकडच्या लेवा घरांत लेवा बोलीत विचारा.

चेहऱ्यांपाशी थांबू नका. फोटो कुणी काढला आणि कॅमेरा कुणाचा होता, हे हमखास विसरले जाते. खरे तर काढणारा त्या घरातलाच असतो आणि म्हणूनच तो कोणत्याच फोटोत सापडत नाही. खापरावर मांडे टाकणाऱ्या बाईचा फोटो असेल, तर चूल कोणत्या भिंतीला होती, खापर कुठल्या बाजारातून आणले, मांडा हातावर मोठा करायला तिला कुणी शिकवले, शेजारी पुरणाचे पातेले धरून बसलेली पोर कोण, हे विचारा. कडेला अर्धवट कापला गेलेला हात कुणाचा, हेही विचारा.

वर्षाच्या बाबतीत मात्र आठवणीवर फार विसंबू नये. माणसे दहा-दहा वर्षे इकडे-तिकडे करतात, पण फोटोतल्या वस्तू करत नाहीत. मागे स्टुडिओचा शिक्का असेल आणि त्यात सहा आकडी पिनकोड असेल, तर फोटो १९७२ नंतरचा. पिनकोड त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला सुरू झाले. शिक्क्यात जिल्हा ‘पू. खा.’ म्हणजे पूर्व खानदेश असेल, तर तो साधारण १९६० पर्यंतचा. गाडीवर एमएच-१९ किंवा एमएच-१८ असे असेल, तर १९८९ च्या आधीचा नाही. एमएच-३९ दिसला की १९९८ नंतरचा, कारण नंदुरबार जिल्हाच त्या वर्षी १ जुलैला झाला. महिना शेत सांगते. बैलांच्या शिंगांना ताजा रंग म्हणजे पोळा नुकताच झालेला. ओसरीत कपाशीचा ढीग म्हणजे दसऱ्यानंतरचे दिवस. शेतात काड्यांवर वांगी भाजत बसलेली मंडळी म्हणजे हिवाळा.

कोपऱ्यातल्या नारिंगी तारखेवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. कॅमेऱ्यातला सेल बदलला की ती मूळ आकड्यावर जाऊन बसे आणि नीट लावून घ्यायचे कष्ट फारसे कुणी घेत नसे. शिवाय काही कॅमेऱ्यांत दिवस आधी, काहींत महिना आधी, काहींत वर्ष आधी. ०५-०४ म्हणजे पाच एप्रिल की चार मे, ते अंगावरच्या कपड्यांवरूनही ठरत नाही.

सगळ्यांत पक्का पुरावा निगेटिव्हमध्ये असतो आणि लोक नेमके तेच आधी फेकतात. रोल महाग असे. लग्न-मुंजीला ३६ चा रोल घालायचा, कार्य उरकले की तीन-चार फोटो उरायचे आणि ते संपल्याशिवाय रोल धुवायला टाकायचा नाही, असा हिशोब. मग कुणीतरी परसात उभे राहून शेळीचा, केळीच्या घडाचा, भांडी घासणाऱ्या वहिनीचा फोटो काढी. घरातले आज सर्वांत आवडते असलेले कितीतरी फोटो असे ‘रोल संपवायला’ काढलेले आहेत. निगेटिव्हच्या कडेला १७, १७ए असे आकडे छापलेले असतात आणि दुकानदार ती पट्टी चार किंवा सहा चित्रांची कापून देत असे. भांडी घासणारी वहिनी ३४ वर आणि हळद ३१ वर असेल, तर वहिनीच्या फोटोला लग्नाची पत्रिका लागू झाली. पट्ट्या आकड्यांच्या क्रमाने लावून खिडकीच्या उजेडापुढे कडेला धरून पाहा, चित्रावर बोट लावू नका. आगफाच्या क्लिक थ्रीसारख्या पेटी कॅमेऱ्यांच्या १२० च्या रोलवर चौकोनी बाराच फोटो निघत. तिथे शोध आणखी सोपा.

फोटोमागे लिहायचे कशाने, हा प्रश्न नेहमी येतो. जुन्या कृष्णधवल फोटोंच्या साध्या कागदावर मऊ शिसपेन्सिलीने, फोटो काचेवर पालथा ठेवून, कडेला, न दाबता लिहावे. बॉलपेनचा वळ पुढे चेहऱ्यावर उमटतो. रंगीत फोटोंच्या मागे प्लॅस्टिकचा थर असतो, त्यावर पेन्सिल धरत नाही आणि जेल पेनची शाई खालच्या फोटोला लागते. त्यांच्यासाठी पाकिटावर लिहून मग फोटो आत घालणे बरे.

घरात होणारी नासधूस तीन-चार सवयींमुळेच होते. लॅमिनेशन करू नका. गरम डिंकाने बसलेले प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही आणि कडेने दमट हवा शिरली की आत फुगवटे येतात. चिकट पानांच्या अल्बममधला डिंक पिवळा पडून फोटो धरून ठेवतो. तो नखाने उचकटायचा नाही, दात साफ करायचा बारीक धागा मागून करवतीसारखा सरकवायचा. नाहीच निघाला, तर पानासकट स्कॅन करा. काचेला चिकटलेला फोटो कधीही ओढू नये, काचेसकटच स्कॅन करावा. पत्र्याखालचा माळा ४४-४५ अंशांच्या गावात फोटोंची जागा नव्हे, आणि पावसाळ्यात ओल धरणारी बाहेरची भिंतही नव्हे. मधल्या खोलीतले कपाट, वरचा कप्पा, आत डांबरगोळ्या नकोत. भिंतीवर प्रत लावा, मूळ फोटो कपाटात ठेवा.

२०२१ च्या ऑगस्टअखेर तितूर-डोंगरी नद्यांचे पाणी चाळीसगावात शिरले होते, त्यामुळे एवढे सांगायलाच हवे: भिजलेल्या फोटोंचा गठ्ठा तसाच वाळू देऊ नका, तो वीट होतो. स्वच्छ थंड पाण्यात ठेवून एकेक सुटा करा आणि सावलीत सुती कापडावर तोंड वर करून वाळवा. दोन दिवसांत हे जमले पाहिजे, नंतर बुरशी धरते. घरच्या प्रिंटरवर छापलेले फोटो मात्र पाण्यात घालू नका, त्यांचा रंग सुटतो.

स्कॅनिंगला दिलेत, तर आकडे सांगून द्या. ४ बाय ६ इंची फोटो ६०० डीपीआयने (म्हणजे इंचाला ६०० ठिपके), पासपोर्ट आकाराचा १२०० ने, ३५ मिमी निगेटिव्ह निदान २४०० ने. कृष्णधवल फोटोही रंगीत मोडवर स्कॅन करा, म्हणजे पिवळे डाग नंतर वेगळे काढता येतात. बंद अल्बममधले जुने रंगीत फोटो लालसर होतात, कारण अंधारातही त्यांतला निळसर रंग आधी उडतो. स्कॅनवर ते बरेच सुधारते. पण दुरुस्तीआधीची, हात न लावलेली फाइल आधी मागून घ्या. ‘छान करून द्या’ म्हटले की मागची कुडाची भिंत जाऊन निळा पडदा येतो. हल्लीची मोबाइल ॲप तर दिसत नसलेले डोळे-नाक स्वतःच घडवतात. छायाचित्रकार केकी मूस यांच्या टेबलटॉप, म्हणजे टेबलावर वस्तू मांडून काढलेल्या, फोटोंत मांडलेली प्रत्येक वस्तू विचारपूर्वक ठेवलेली असते, हे चाळीसगावच्या त्यांच्या संग्रहालयात दिसते. घरगुती फोटोत ती चुकून आलेली असते, तरी पुसून टाकण्याएवढी फालतू नसते. फाइलचे नाव वर्षाने सुरू करा, ‘१९८४-०५-आखाजी-झोका’ असे, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नुसता फोटो पाठवला की तो लहान होतो आणि आत भरलेली तारीख-माहिती गळून पडते.

आता आपल्याकडे मागणे. पुरवणीच्या कूपनमध्ये सध्या नाव, गाव आणि ‘फोटोविषयी दोन ओळी’ एवढेच आहे. त्यात फोटो कुणी काढला, कुठे काढला, वर्ष कशावरून ठरवले आणि माहिती कुणाकडून घेतली, असे चार रकाने वाढवावेत. आणि मूळ फोटो टपालाने मागवणे कृपया बंद करावे. परत येणाऱ्या पाकिटांत वळलेले कोपरे आणि मागे स्टेपलरची भोके दिसतात. ६०० डीपीआयची फाइल ईमेलने मागवली, तर छपाईलाही ती पुरून उरेल.

कळावे,
आपला वाचक,
जळगाव