काळे आधी की कासार? गणिताच्या बाईंना आभारपत्र

आदरणीय बाई,
सादर प्रणाम.

गेल्या उन्हाळ्यात फैजपूरला आपल्या ओसरीवर बसून मी पायथन ही संगणकाची प्रोग्रॅमिंग भाषा शिकलो, त्याबद्दलचे हे पत्र मी मुद्दाम सर्वांसमोर लिहीत आहे. कारण समोरासमोर आभार मानू लागलो की आपण चहा टाकायला उठता, हा माझा अनुभव आहे.

आमच्या गटातील शेतकऱ्यांच्या केळीच्या काटा-पावत्या (वजनाच्या पावत्या) संगणकावर उतरवून त्यांतल्या हव्या तेवढ्या वेगळ्या काढणे आणि वजनाच्या क्रमाने लावणे, एवढेच मला करायचे होते. दहा क्विंटलांच्या आतील पावत्या यादीतून काढून टाकण्यासाठी मी फॉर लूप (यादीतली एकेक नोंद घेत पुढे जाणारी सूचना) लिहिला, पण तो चालूनही तशा काही पावत्या यादीत शिल्लक राहत होत्या. दोन रात्री मी संगणकालाच दोष दिला. आपण कोडकडे पाहिलेसुद्धा नाही. माझ्या पिशवीतल्या आठ पावत्या चटईवर ओळीने मांडून आपण मला एकेकीवर बोट ठेवत पुढे जायला सांगितले, आणि तिसरीवर बोट येताच ती उचलून उरलेल्या अलीकडे सरकवल्या. चौथी पावती आता तिसऱ्या जागी येऊन बसली होती आणि माझे बोट चौथ्या जागेकडे निघाले होते. म्हणजे सलग दोन लहान पावत्या आल्या की दुसरी न तपासताच सुटत होती. चालू यादीतून काही काढायचे नाही, अटीत बसणाऱ्या नोंदींची नवी यादी करायची, हे त्यानंतर आपल्याला सांगावेही लागले नाही.

क्रम लावताना १८, २१, ९ असा निकाल आला. उतरवून घेतलेली वजने पायथनच्या लेखी मजकूर होती, आणि मजकुराची तुलना पहिल्या अक्षरापासून होते, म्हणून १ ने सुरू होणारे १८ हे ९ च्या आधी लागले. मजकुराची दशांश संख्या करणारे फ्लोट वापरून त्यांच्या संख्या केल्यावर ते सुटले. (देवनागरीत लिहिलेले '१८.५' सुद्धा पायथन संख्या म्हणून बिनतक्रार स्वीकारतो, हे पाहून माझ्यापेक्षा बाबाच अधिक खूश झाले.) क्रम लावणारी सॉर्ट ही मेथड (यादीवर चालवायची आज्ञा) मूळ यादीच बदलते आणि परत 'नन', म्हणजे 'काहीच नाही', देते, हे ठाऊक नसल्याने तिचे उत्तर यादीच्याच नावात साठवून मी एकदा सगळी यादी घालवली, त्या दिवशी आपण रागावला नाहीत, हेही येथे नोंदवतो.

परंतु माझ्या मनात राहिले आहे ते आडनावांचे प्रकरण. यादीत काळे हे कासारांच्या आधी आले, तेव्हा मला त्यात काही वावगे दिसले नाही. आपल्याला मात्र दिसले. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, म्हणून कोशाच्या क्रमाने कासार आधी आणि काळे नंतर यायला हवेत. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या संगणकीय प्रमाणात, ळ ला ल च्या लगेच पुढचा क्रमांक दिलेला आहे, आणि पायथन तुलना करतो ती त्याच क्रमांकांची. त्यावर आपण सुचवलेला उपाय मला आजही विलक्षण वाटतो: क्रम लावलेली नवी यादी देणाऱ्या सॉर्टेडला दिलेल्या 'की'मध्ये (तुलना कशावरून करायची ते सांगणाऱ्या सूचनेत), केवळ तुलनेपुरते, ळ च्या जागी अवग्रह (ऽ) ठेवायचा, कारण अवग्रहाचा क्रमांक ह च्या नंतर आणि काना-मात्रांच्या आधी पडतो. यादीतली नावे जशीच्या तशी राहिली आणि काळे आपल्या जागी गेले. चाळीस वर्षे हजेरीपट लिहिलेल्या माणसालाच ही चूक खुपावी, असे मला तेव्हा वाटले.

कांदेबागेच्या, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीच्या, पावत्या आता येऊ लागल्या आहेत. बाबांना यादी गावानुसार आणि प्रत्येक गावात वजनानुसार हवी होती. पायथनमध्ये क्रम लावताना समान नोंदींचा आधीचा क्रम मोडत नाही, हे आपण सांगितलेले आठवून मी आधी वजनाने आणि मग गावाने क्रम लावला, आणि यादी पहिल्याच फेरीत बरोबर आली. तिची छापील प्रत घेऊन रविवारी येतो. चहा मी टाकेन.

आपला विद्यार्थी,
यावल तालुक्यातील एक केळी उत्पादकाचा मुलगा