पहिल्याच साली एवढा माल

नाशिक,
रविवार, 4 मे 2014

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

परवा आखाजीची घागर भरली, पूजा केली, रस-पोळी झाली. पोळ्या जास्तच झाल्या. तुम्हाला बंगळूरला जाऊन वर्ष होत आलं, पण पीठ घेताना हात अजून जुन्याच मापानं घेतो. त्याआधी 24 तारखेला मतदान झालं. बोटावरची शाई अजून तशीच आहे. इथलं ऊन यंदा लवकर चढलंय, दुपारी कॉलेज रोडलासुद्धा चिटपाखरू नसतं.

फोनवर आपण बोलतोच. पण बाबा, तुम्ही फोनवर "बरं, बरं, ठेव आता" एवढंच म्हणता आणि मला जे विचारायचंय ते तेवढ्यात मावत नाही. म्हणून लिहायला बसले. आई, तूही वाच, कारण गोष्ट तुझ्या पितृपक्षापासूनच सुरू होते.

गेल्या जूनमध्ये तुम्ही दादाकडे बंगळूरला गेलात, तेव्हा मला सगळ्यात जास्त काळजी बाबांची होती. तिथं ना पारावरची मंडळी, ना सकाळचा मराठी पेपर. भाषा येत नाही म्हणून दुधाच्या पिशवीलासुद्धा वहिनीच जाणार. बाबा दिवसभर गॅलरीत बसून असतात, असं तू दबक्या आवाजात सांगायचीस. एचएएलच्या ओझर मिग कारखान्यात विमानांच्या जोडणीवर अख्खा जन्म घालवलेला माणूस हात मांडीवर ठेवून बसलाय, हे चित्र मला रात्री झोपू द्यायचं नाही.

मग 22 सप्टेंबरच्या रविवारी दादा म्हणाला, आज बाबांना नव्या फुटबॉल क्लबच्या पहिल्या सामन्याला घेऊन जातोय. तू मागून ओरडलीस, "पितृपक्षात कुणी नवं काम काढतं का?" समोर मोहन बागान, 1889 सालचा क्लब. आणि इकडं बेंगळुरू एफसी, 20 जुलैला जन्मलेलं, दोन महिन्यांचं बाळ. सामना 1-1 बरोबरीत सुटला. त्या संध्याकाळी बाबांनी स्वतःहून मला फोन लावला. शॉन रूनी नावाचा ऑस्ट्रेलियाचा खेळाडू आहे, क्लबचा पहिला गोल त्याचा, खाली प्लास्टिकचं गवत आहे पण चेंडू छान पळतो, पश्चिमेच्या बाजूची पोरं पूर्ण वेळ उभी राहून गातात. मला आठवतंय तेव्हापासून बाबांनी फोनवर बोललेलं हे सगळ्यात लांब वाक्य. फोन ठेवून मी ह्यांना म्हटलं, बाबांचा आवाज परत आला.

घरच्या मैदानावर बारा सामने होते, त्यातले नऊ तुम्ही पाहिलेत. मी इथं शाळेच्या डायरीत मागच्या पानावर हिशेब ठेवत होते. एकूण 24 सामने, 14 जिंकले, 5 बरोबरीत, 5 हरले, 47 गुण. सुनील छेत्रीचे 14 गोल. हरलेल्या सामन्यांनंतरचे तुमचे फोन मला जास्त आवडायचे. जिंकल्यावर तुम्ही फक्त गोल सांगायचात. हरल्यावर मात्र कुठं जागा मोकळी राहिली, मधल्या फळीतला कोण दमला होता, मागच्या फळीत जॉन जॉन्सनला एकट्यालाच किती सांभाळावं लागलं, हे सगळं यायचं. जोडणीत कुठला नट सैल राहिला, ते शोधणाऱ्या माणसासारखं.

आणि आई, थंडीत तू बाबांच्या कानाला त्यांचा तो निळा स्कार्फ मफलरसारखा गुंडाळून द्यायला लागलीस. नंतर तर तुझाच प्रश्न आला, "एवढं धावतात, तर ही पोरं खातात काय?" मला तो प्रश्न फार आवडला. अ‍ॅशली वेस्टवुड या त्यांच्या कोचनं पहिल्यापासून जोर दिला तो त्याच्यावरच: खाणं, झोप, दमसास. मी इथं शाळेतल्या माझ्या संघाच्या मुलांना सांगून थकते की सकाळी नुसता चहा-बिस्कीट खाऊन मैदानावर येऊ नका. आता "बंगळूरची आजी विचारते, काय खाऊन आलात?" म्हटलं की गूळ-शेंगदाण्याचे डबे निघतात.

एक गोष्ट मात्र मनात खुपत होती, ती तुम्हाला आजवर बोलले नाही. 2010 मध्ये बंगळूरच्या एचएएलचा संघ आय-लीगमध्ये, म्हणजे देशाच्या सगळ्यात वरच्या फुटबॉल लीगमध्ये चढला, तेव्हा तुम्ही पेपरातली बातमी कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती. विभाग वेगळा, शहर वेगळं, तरी "आपली एचएएल". 2012 मध्ये ते खाली घसरले. आणि पुढच्याच वर्षी त्याच शहरात फुटबॉल महासंघानं कंपन्यांकडून निविदा मागवून एक नवा संघ थेट वरच्या लीगमध्ये बसवला. खालून चढत येण्याची गरजच नाही. जेएसडब्ल्यू या पोलाद कंपनीकडं पैसा आहे, त्यांना जागा मिळाली. मला हा अन्याय वाटला होता, आणि दारातून आत येण्याची ती पद्धत मला अजूनही बरोबर वाटत नाही. ज्या संघांनी दुसऱ्या श्रेणीत वर्षानुवर्षं धूळ खाल्ली, त्यांनी काय करायचं?

पण 21 एप्रिलला गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर जे झालं, ते कुठल्या निविदेत मिळत नाही. 2007 मध्ये आय-लीग सुरू झाल्यापासून सहाही विजेते गोव्याचे होते. डेम्पो तीनदा, चर्चिल दोनदा, साळगावकर एकदा. त्याच गोव्यात, त्याच डेम्पोला 4-2 नं हरवून बेंगळुरू विजेते. आमच्या घरी टीव्हीसमोर अकरा पोरं बसली होती, सहा सतरंजीवर आणि पाच दिवाणावर. शिट्टी वाजली आणि मला पहिली आठवण कपाटाच्या दाराची झाली. मी उठून आतल्या खोलीत गेले. कात्रण अजून आहे, बाबा. कडा पिवळ्या पडल्यात.

आता मुद्द्याचं.

त्या अकरांमध्ये आमच्या शाळेच्या संघाचा गोलकीपर होता. चौदा वर्षांचा आहे, निफाड तालुक्यातला, इथं मावशीकडं राहून शिकतो. हात लांब, बोलणं कमी. आमच्या मैदानावर गवत नाही. दर शनिवारी फक्कीनं रेषा मारायच्या आणि रविवारी वाऱ्यानं उडालेल्या बघायच्या. तशा खडकाळ जमिनीवर हा पोरगा आडवा झेपावतो आणि कोपरं सोलून घेतो. बेंगळुरूच्या गोलकीपरचं, त्या पवन कुमारचं बघून आता मागच्या फळीला ओरडून जागा दाखवायलाही शिकलाय. मी अठरा वर्षं मुलांना शिकवतेय, असा मुलगा माझ्याकडं आला नव्हता. परवा तो म्हणाला, "मॅडम, मला क्लबमध्येच खेळायचंय. नोकरीसाठी नाही."

गेल्या रविवारी त्याचे वडील भेटायला आले. द्राक्षबाग आहे त्यांची. मार्चमधली गारपीट तुम्ही टीव्हीवर पाहिलीत. माल तयार होता, व्यापाऱ्याशी बोलणी झाली होती, आणि वीस मिनिटांत घड जमिनीवर. मण्यांना तडे, काड्या फुटलेल्या. त्या माणसानं एप्रिलची खरड छाटणी तरीही वेळेवर केली. मी खुर्ची दिली, तर ओट्यावरच बसले. मी उत्साहानं सांगायला लागले, की बघा, व्यावसायिक क्लब येतायत, बंगळूरचा संघ पहिल्याच वर्षी देशात पहिला आला, आता आणखी एक नवी लीग येतेय, तिच्यात पुणे आहे, मुंबई आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, आम्ही नवीन बागेला पहिल्या साली घड धरू देत नाही. आला तरी काढून टाकतो. आधी खोड जमलं पाहिजे, ओलांडे तयार झाले पाहिजेत. तुमच्या ह्या क्लबनं पहिल्याच साली एवढा माल काढला. मग पुढं वेल दम धरेल का?"

मला उत्तर देता आलं नाही. तीन रात्री त्याच वाक्याशी झोंबतेय.

कारण मला माहीत आहे, की खोड न जमलेलेच नव्हे, चांगले जमलेले वेलसुद्धा आपल्याकडं उपटले गेलेत. पंजाबचा जेसीटी आय-लीगच्या आधीच्या राष्ट्रीय लीगचा अगदी पहिला विजेता, 1996-97 चा. 2011 मध्ये बंद. मुंबईचा महिंद्र युनायटेड 2005-06 चा विजेता, 2010 मध्ये बंद. ते हरले म्हणून बंद झाले नाहीत, मालकांनी ठरवलं म्हणून झाले. बाबा, तुम्ही सांगायचात तसं कंपनीच्या संघातल्या पोराचं संघ गेला तरी पंचकार्ड राहतं, दुसऱ्या दिवशी तो मशीनवर उभा राहतो. क्लबच्या पोराच्या हातात एक करारपत्र असतं आणि दोन गुडघे. पण मग दुसरी बाजूही दिसते. दिवसभर ड्यूटी आणि उरलेल्या वेळात सराव करणारा संघ वरच्या लीगमध्ये किती दिवस टिकणार? एचएएलची पोरं काय कमी मेहनती होती? त्यांच्याकडं दिवसच अर्धा होता. आपल्या कविता राऊतचं उदाहरण मी नेहमी देते. सावरपाड्याची मुलगी, 2010 च्या राष्ट्रकुलात दहा हजार मीटरचं ब्राँझ, आणि पाठीशी ओएनजीसीची नोकरी. पण धावणारी एकटी असते. अकरा जणांना रोज एकत्र, पूर्ण दिवस, एकाच कोचच्या हाताखाली राहावं लागतं. ते जमलं म्हणून ह्या संघाला एका वर्षात खोड आलं, असं मला वाटतं. खोड म्हणजे वय नव्हे, रोजचं पाणी. पण हे मी त्या बागायतदाराला कुठल्या तोंडानं सांगू? त्यानं रोज पाणी दिलं होतं.

बाबा, 1994 ची गोष्ट मी कधी उकरून काढली नाही. जिल्ह्याच्या मुलींच्या संघात माझं नाव आलं होतं, आणि पुढच्या निवडीसाठी बाहेरगावी जायचं होतं. तुम्ही रात्रपाळीहून आला होतात. बूट काढता काढता म्हणालात, "खेळ चांगला आहे, पण त्याला पेन्शन नाही." मी दोन दिवस जेवले नाही, आई ताट झाकून ठेवायची. मग मी बी.ए., बी.पी.एड. केलं, नोकरी लागली. त्याबद्दल मनात राग नाही, हे मी शपथेवर सांगते. तेव्हा मुलींना खरंच पुढं कुठं जागा नव्हती. आजही नाही. देशात मुलींची लीगच नाही, आणि माझ्या बॅचमधल्या सात मुलींना हे सांगताना मला त्यांच्या डोळ्यांत बघवत नाही. पण ह्या मुलाला जागा आहे. असेल. असू शकते. तीन शब्द लिहून बघितले, कुठला खरा ते मला ठरवता येईना.

म्हणून तुम्हाला विचारते. तुम्ही तेव्हा नाही म्हणालात, आणि आता एका क्लबचं पहिलं वर्ष जवळजवळ सगळं डोळ्यांनी पाहिलंत, तेही वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, अनोळखी भाषेच्या गर्दीत बसून. माझ्याकडं फक्त डायरीतले आकडे आहेत. त्या नऊ सामन्यांत तुम्हाला काय दिसलं? मैदान भरलेलं असायचं का, की फक्त मोठ्या संघांसमोर? हरल्यानंतरच्या सामन्याला माणसं परत यायची का? शेजारी बसणारे तेच चेहरे असायचे का? शंकर संपंगिराजसारख्या गावच्या पोराचं नाव लोक वेगळ्या आवाजात घ्यायचे का? वेल दम धरेल की नाही, ते ह्याच्यावरून कळेल, गुणतक्त्यावरून नाही. आणि हे पाहायला तुमच्यासारखा जोडणीतला माणूसच हवा.

उत्तर पत्रानं नको. जूनमध्ये तुम्ही येणार आहात, तर दोन दिवस आधी या. कर्नाटक एक्स्प्रेसनं मनमाडला उतरा, हे गाडी घेऊन येतील. तिकिटं दादाला आजच काढायला सांगते, नंतर वेटिंगला पडतील. मुलाच्या वडिलांना मी सांगितलंय, "माझे बाबा येतायत, ते तुमच्याशी बोलतील." त्यांनी विचारलं, "ते फुटबॉल खेळायचे का?" मी म्हटलं, नाही, ओझर मिगला होते. त्यावर ते पहिल्यांदा जरा सैल झाले. त्यांचा चुलतभाऊही तिथंच होता म्हणे. तुम्ही त्यांना नाही म्हणून सांगितलंत, तरी चालेल. फक्त ओट्यावर त्यांच्याशेजारी बसून सांगा.

आई, तुझ्या कुरडयांचा चीक ह्या आठवड्यात करायचा म्हणते, पण मीठ किती ते मला अजून कळत नाही. रात्री फोन करीन. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर इथून पाठवते, तिकडचं तुला लागू पडत नाही. भाच्याला आंबे पार्सल केलेत, बुधवारपर्यंत पोचतील. पेटी लगेच उघडा, गवतात दाबून ठेवू नका, पिकायला आलेत.

आणि बाबा, सामन्याची तिकिटं तुम्ही एचएएलच्या जुन्या डायरीत ठेवता, असं दादा म्हणाला. वहिनी घर आवरताना रद्दीत घालेल, आधीच काढून बॅगेत टाका. नऊच्या नऊ. आमच्या गोलकीपरला ती हातात घेऊन बघायचीत.

तुमची,
धाकटी