माटुंग्याला शिकणाऱ्या लेकीस

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या सीनियर मुली मुकेश अंबानी आणि डॉ. रेड्डीज या औषध कंपनीचे अंजी रेड्डी ही नावं कशी ऐकवतात, ते तू फोनवर सांगितलंस. दोघंही तुझ्या आयसीटीत, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत शिकलेले, नावं मोठीच. पण तुझ्या संस्थेची खरी श्रीमंती मला शिकवणाऱ्यांत दिसते, म्हणून मुद्दाम लिहितोय.

1933 साली मुंबई विद्यापीठाने हा रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला. जुनी माणसं अजून यूडीसीटीच म्हणतात. जोधपूरचे मनमोहन शर्मा इथे शिकले, केंब्रिजला पीएचडी केली आणि 1964 मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, इथेच प्राध्यापक म्हणून परतले. वायू द्रवात शिरताना रासायनिक क्रिया किती वेगाने होते, हा त्यांचा विषय. कारखान्यातला रिअॅक्टर, म्हणजे जिथे ही क्रिया घडवतात ते भांडं, केवढा बांधायचा, हे त्यावर ठरतं. 1990 मध्ये ब्रिटनमधल्या रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेने त्यांना फेलो केलं.

आता त्यांच्या हाताखालून गेलेले बघ. रघुनाथ माशेलकर गोव्यातल्या माशेलचे. लहानपणी वडील गेले, मुंबईत रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केला. 1966 मध्ये इथून पदवी, 1969 मध्ये शर्मासरांकडे पीएचडी. पुढे ते सीएसआयआरचे, म्हणजे देशभरच्या सरकारी प्रयोगशाळा चालवणाऱ्या संस्थेचे, महासंचालक असताना, जखमेवर हळद लावण्यावर अमेरिकेत दिलेलं पेटंट त्या संस्थेने लढून 1997 मध्ये रद्द करवलं. आपल्या आज्या-पणज्या करत आल्या तेच, पण जुन्या ग्रंथांचे पुरावे मांडावे लागले. ती बातमी वाचून मला किती अभिमान वाटला होता!

सातारा जिल्ह्यातल्या मसूरचे ज्येष्ठराज जोशीही शर्मासरांचेच विद्यार्थी, पुढे इथले संचालक. आणि आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या अर्जुनवाड्याचे गणपती यादव! त्यांचीही पीएचडी शर्मासरांकडेच. संस्था स्वतंत्र झाल्यावर 2009 पासून दहा वर्षं ते कुलगुरू होते. गावाकडून आलेली मुलं शिकली आणि त्याच वर्गांत उभी राहून शिकवू लागली, याचं मला फार मोल वाटतं.

पुढच्या वर्षी प्रोजेक्टला गाईड निवडायचाय म्हणालीस. कोणाचे पेपर किती, ते तू बघशीलच. पण त्यांचे जुने विद्यार्थी आज काय करतात, तेही विचार. एकदा लॅबमध्ये जाऊन त्यांना तुझ्या शंका विचार. वेळ देऊन समजावलं, तर तिथेच नाव दे आणि मला फोन कर.

तुझे,
बाबा