दहा दिवसांत उतरतं ते बहुतांशी पाणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लग्नसराई जवळ आली की नाशिकच्या कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगर भागांत ‘१० दिवसांत ५ किलो’ छापाच्या पाट्या दिसू लागतात. काटा बऱ्याचदा खरोखरच तीन-चार किलोंनी खाली येतो, त्यामुळे लोकांचा विश्वास बसतो. त्यात चरबी किती आणि पाणी किती, हे मात्र कुणी सांगत नाही. मग तिसऱ्या आठवड्यात काटा अडकतो किंवा वर सरकतो, आणि नीट चाललेलं डाएट माणूस सोडून देतो. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर किंवा गोल्फ क्लब मैदानावर सकाळी चालणाऱ्यांमध्ये ‘एवढं करूनही कालपासून किलोभर वाढलं’ ही तक्रार नेहमीची आहे. ती खरी असते, पण तिचा चरबीशी संबंध नसतो. हा हिशेब वाचकांपुढे यावा म्हणून हे पत्र.

पोळी, भात, भाकरी, साखर यांतून मिळणारी साखर शरीर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं. यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंमध्ये ३०० ते ५०० ग्रॅम. दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी साठतं. पोळी-भात एकदम बंद केला की पहिल्या काही दिवसांत हा साठा ओसरतो. त्यातला ४०० ग्रॅम गेला असं धरलं, तर त्याच्यासोबत १,२०० ग्रॅम पाणीही जातं, म्हणजे काट्यावर १.६ किलोचा फरक. शिवाय इन्सुलिनची पातळी उतरल्यावर मूत्रपिंडं जास्त मीठ बाहेर टाकतात, त्या मिठामागे आणखी पाणी जातं. खाणंच कमी झाल्यामुळे आतड्यांतला ऐवजही हलका होतो. पाटीवरचे बहुतेक किलो असे जमतात, आणि दोन दिवस नेहमीसारखं जेवलं की तसेच परत येतात.

आता चरबीचा वेग बघा. शरीरातली एक किलो चरबी घटायला सुमारे ७,७०० उष्मांकांची तूट लागते. रोज ५०० उष्मांकांची तूट हे चांगलं, टिकणारं डाएट झालं. त्यातून आठवड्याला ४५० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दिवसाला जेमतेम ६५ ग्रॅम चरबी कमी होते. घरातले बहुतेक डिजिटल काटे १०० ग्रॅमच्या टप्प्याने आकडा दाखवतात. एका दिवसाची खरी घट त्यांच्यावर उमटूच शकत नाही. उमटतात ते पाण्याचे चढउतार, आणि ते एक-दोन किलोंचे असतात.

आपल्या शहरात याचं सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे रविवारची मिसळ. तर्री, फरसाण, पापड, पाव या सगळ्यांतच मीठ आहे. रक्तातलं आणि पेशींबाहेरचं मिठाचं प्रमाण शरीर काटेकोरपणे सांभाळतं, साधारण लिटरमागे ९ ग्रॅम. म्हणून एरवीपेक्षा ६ ग्रॅम मीठ जास्त पोटात गेलं, तर ते बाहेर पडेपर्यंत सुमारे ६५० मिलिलिटर पाणी शरीर धरून ठेवतं. मिसळीनंतर तहान लागते ती यामुळेच. त्यात डाएटमुळे रिकामे झालेले स्नायू पाव-जिलेबीतल्या पिष्टावर तुटून पडतात. १५० ग्रॅम ग्लायकोजेन भरलं तर पाण्यासकट ६०० ग्रॅम झालं. आतड्यांतलं न पचलेलं अन्न अर्धा किलो धरा. सोमवारी सकाळी काटा पावणेदोन किलो वर! त्या न्याहारीचे हजार उष्मांक धरले आणि ते सगळेच्या सगळे गरजेपेक्षा जास्त झाले असं मानलं, तरी चरबी वाढते फार तर १३० ग्रॅम. काट्यावरचं बाकीचं वजन निरोगी माणसात, नेहमीचं खाणं सुरू ठेवलं तर, दोन-तीन दिवसांत बहुतेक लघवी-शौचावाटे निघून जातं. सोमवारी घाबरून उपाशी राहणं हा त्यावरचा सर्वांत वाईट उपाय, कारण बुधवारी पुन्हा खाण्यावर ताबा सुटतो.

उपवासाच्या पदार्थांबद्दल एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. सैंधव खाल्ल्याने पाणी धरत नाही, असं अनेक घरांत ठामपणे सांगितलं जातं. सैंधवसुद्धा जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच असतं. भगर, शेंगदाण्याची आमटी, वेफर्स आणि तळलेला चिवडा खाऊन नवरात्रात वजन का हललं नाही, याचं निम्मं उत्तर त्या मिठात आहे. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सपाट एक चमचा. त्यात पापड, लोणचं, चिवडा, ब्रेड हे सगळं आलं.

व्यायामानेही काटा वर जातो, आणि नव्याने सुरुवात करणारे इथेच खचतात. सवय नसताना पांडवलेणीच्या पायऱ्या चढल्या किंवा जिममध्ये पायांचा व्यायाम केला, तर पुढचे दोन-तीन दिवस मांड्या दुखतात. स्नायूंतल्या सूक्ष्म इजा भरून येताना तिथे पाणी जमतं. दुखणं ओसरलं की तेही ओसरतं. जिममध्ये क्रिएटिन (ताकद वाढवायला घेतली जाणारी पावडर) सुरू करून दिलं असेल तर पहिल्या आठवड्यातच एक-दोन किलो वाढू शकतात, आणि ते स्नायूंतलं पाणी असतं. पोटाला घाम आणणारे पट्टे आणि प्लॅस्टिकचे जॅकेट याच्या उलट काम करतात. लिटरभर घाम गेला की किलो उतरतो, पाणी प्यायलं की परत येतो. एप्रिल-मेच्या उन्हात हा प्रकार सरळ धोक्याचा आहे.

बायकांच्या बाबतीत पाळीचं चक्र लक्षात घेतल्याशिवाय वजनाबद्दल बोलूच नये. पाळीआधीच्या काही दिवसांत अनेकींचं वजन अर्ध्यापासून दोन किलोंपर्यंत वाढतं आणि पाळी सुरू झाल्यावर उतरतं. चौथ्या आठवड्याचं वजन दुसऱ्या आठवड्याशी ताडून बघितलं तर उत्तम डाएटही फसलेलं दिसतं. मागच्या पाळीनंतरच्या पाचव्या दिवसाशी या पाळीनंतरचा पाचवा दिवस ताडा.

वजन करायची पद्धत अशी ठेवावी. सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, चहापाण्याआधी, रोज सारख्याच हलक्या कपड्यांत. काटा फरशीवर सपाट असावा. चटई किंवा पायपुसण्यावर ठेवला तर आकडा चुकतो. काटा जागेवरून हलवला असेल तर एकदा पाय ठेवून उतरावं, शून्य येऊ द्यावं आणि मग उभं राहावं. शंका असेल तर एक लिटरची भरलेली बाटली हातात घेऊन पुन्हा वजन करावं, साधारण एक किलोचा फरक दिसला पाहिजे. घरचा काटा, जिमचा काटा आणि मेडिकलबाहेरचा काटा यांचे आकडे एकमेकांशी जुळवत बसू नये.

रोजचा आकडा फक्त वहीत लिहायचा. निर्णय सात दिवसांच्या सरासरीवर घ्यायचा. समजा पहिल्या आठवड्याचे आकडे सोमवारपासून ७८.६, ७८.२, ७८.०, ७७.९, ७८.१, ७७.८, ७८.० असे आले. दुसऱ्या आठवड्याचे ७९.२, ७८.३, ७७.७, ७७.५, ७७.४, ७७.३, ७७.५. नुसते दोन सोमवार पाहिले तर ६०० ग्रॅम वाढ दिसते. सरासरी काढली तर ७८.०९ वरून ७७.८४, म्हणजे पाव किलो घट. सरासरी तीन-चार आठवडे जागची हलली नाही, तरच जेवणात बदल करावा. सोबत आठवड्यातून एकदा कंबरेचा घेर टेपने मोजावा, श्वास सोडून, टेप न आवळता. भारतीयांसाठी पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर या धोक्याच्या रेषा मानल्या जातात.

पाणी कमी पिऊन हे पाणी उतरत नाही. कमी मिळालं की मूत्रपिंडं आहे ते राखून ठेवतात आणि बद्धकोष्ठता वाढते. त्याहून गंभीर म्हणजे ‘पाण्याची गोळी’. लघवी वाढवणाऱ्या या गोळ्या हृदय, मूत्रपिंड किंवा रक्तदाबाच्या रुग्णांना डॉक्टर देतात. वजनासाठी त्या स्वतःहून घेतल्या तर पोटॅशियम घटून पायांत गोळे येतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि चरबीचा कणही जळत नाही. मीठ, पाळी, व्यायाम असं वरचं कुठलंही कारण नसताना दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, पायांवर बोट दाबलं की खड्डा राहतो, झोपल्यावर दम लागतो, चेहरा सुजतो, यांपैकी काही असेल तर सरासरीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं. रक्तदाबावरच्या अॅम्लोडिपिनने पाय सुजू शकतात. स्टेरॉइड आणि काही वेदनाशामकांनी अंगात पाणी धरतं. औषध मनाने बंद करू नये, ज्यांनी दिलं त्यांनाच विचारावं.

शहरातल्या जिमचालकांना आणि डाएट केंद्रांना विनंती, की सभासदाच्या कार्डावर सुरुवातीचं आणि शेवटचं असे दोन सुटे आकडे लिहिण्याऐवजी साप्ताहिक सरासरी आणि कंबरेचा घेर लिहावा. आणि आपल्या वृत्तपत्राला विनंती, की ‘इतक्या दिवसांत इतके किलो’ अशी जाहिरात स्वीकारताना त्याच व्यक्तींचं बारा आठवड्यांनंतरचं वजनही त्यात छापायची अट घालावी.

आपली,
एक आहारतज्ज्ञ वाचक, नाशिक